दोन सारख्या चौकटींमध्ये

गुरुवारी सकाळी अकरा-वीसला सुचिताचा मेसेज आला, ‘हेमा, हात थांबत नाहीत गं.’ एवढाच. विनेश नुकताच झोपला होता. झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, मांडीवर लॅपटॉप. मला वाटलं, तिच्या आईचं काहीतरी असेल. गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरतात, कप बशीत वाजतो आणि त्या हसून दुसरीकडे बघतात. ‘डॉक्टरांना दाखवलंस का’ असं लिहायला घेतलं, तेवढ्यात तिने पाठवलेला व्हिडिओ उतरला आणि माझा पाय थांबला. झोळी तीन-चार झोके आपली आपणच गेली. व्हिडिओत ती चित्रातली बाई होती, सुचिताने मुलांना हातांची भाषा शिकवायला काढलेली. जांभळा कुर्ता, मागे बांधलेले केस, सुचिताला कधीच नीट न जमलेलं नाक. बाईचे हात वर आले, छातीशी आले, आणि पोचले न पोचले तोच निघाले. तिथून कपाळाकडे, कपाळावरून खाली, खालून परत वर. कुठे टेकणं नाही, कुठे ठरणं नाही. भरतीला खाडीतलं शेवाळ हलतं तसे ते हलत होते. दिसायला सुंदर, खोटं कशाला बोलू. पण ती बाई बोलत नव्हती. हवेत हात धुतल्यासारखं करत होती. आणि हे मी केलं होतं हे मला तिसऱ्या सेकंदाला कळलं, सुचिताला कळायच्या आधी, कोणालाही कळायच्या आधी. एखादी गोष्ट जगात अजून फक्त आपल्यालाच माहीत असते तेव्हा कानात जो एक प्रकारचा पोकळ आवाज येतो, तो आला.

सुचिता पालीला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. पेणला कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. ती चित्रं काढायची, मी तिच्या चित्रांना संगणकावर हलवायची. तिथूनच मी त्या सॉफ्टवेअरच्या नादाला लागले. चित्रं हलवायचं सॉफ्टवेअर, कोणाच्या मालकीचं नाही, जगभरची माणसं मिळून लिहितात, ज्याला हवं त्याने घ्यावं. आधी मी त्यातल्या चुका कळवायची, मग चुका दुरुस्त करून पाठवायला लागले, मग एक दिवस कोणीतरी विचारलं, कीफ्रेमचा भाग तू सांभाळशील का. तेव्हा मी लग्न होऊन इकडे खाडीकाठच्या खारेपाटात आले होते आणि मागच्या पडवीत बसून हो म्हणाले. सासूबाईंना काय सांगायचं हा प्रश्न होता. मनुबाई त्यांचं नाव, सगळं आयुष्य मिठागरात आणि भातात गेलेलं. ‘दिवसभर त्या पेटीत बघतंस, हाय काय त्याच्यात?’ असं त्या विचारायच्या. मी सांगितलं, एक भलंमोठं कपाट आहे, वीस वर्षं कोणी कोणी त्यात सामान कोंबलंय, मी ते लावते आहे. वस्तू त्याच ठेवायच्या, पण हाताला सापडतील अशा. जुन्या कोडची मांडामांड म्हणजे तेच. त्यांना पटलं. तेव्हापासून निकेतचं जेवण वाढायला मी वेळेवर उठले नाही तर त्या त्याला म्हणतात, ती कपाटात हाय.

निकेत माझा नवरा. त्याचे दोन ट्रेलर बंदराला लागलेले असतात, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही तिघंच, आणि माझा दिवस विनेशच्या झोपेने कापलेला. सकाळची एक झोप, दुपारची एक. कधी चाळीस मिनिटं, कधी तास. त्या तुकड्यांत मी वर्षभर हे काम केलं आहे. पोटात तो असताना सुरुवात केली आणि आता त्याला वरचे दोन दात आलेत. कीफ्रेम म्हणजे काय हे मी पहिल्यांदा समजून घेतलं तेव्हा मला रात्रभर... नाही, रात्रभर म्हणणं खोटं, मी नऊला झोपते. पण कितीतरी दिवस मला त्याचं नवल जात नव्हतं. एका सेकंदाच्या चोवीस चौकटी. तुम्ही फक्त पहिल्या चौकटीवर खूण करता, हात खाली. चोविसाव्या चौकटीवर खूण करता, हात वर. मधल्या बावीस चौकटींत काहीच ठेवलेलं नसतं. तिथे हात कुठे आहे हे कुठेही लिहिलेलं नाही. विचारलं की यंत्र तेव्हाच्या तेव्हा हिशेब करतं आणि सांगतं, इथे. आणि हात खरंच वर जातो. हे मी रोज बघते आणि रोज मला वाटतं, हे कसं होतं. विनेशच्या बाबतीतही माझ्याकडे खुणाच आहेत. पालथा पडला तो मंगळवार, मान धरली तो दिवस, माझ्याकडे बघून ओळखीचं हसला ती दुपार. मधला तो कुठे कोणी बघितला? मी तर शेजारीच होते. झोपेत त्याची बोटं लांब होत असतील, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मला दिसत नाहीत.

चूक अशी झाली. हात एका जागी थांबवायचा असेल तर तीच खूण दोनदा ठेवावी लागते. दहाव्या चौकटीवर हात छातीशी, अठराव्या चौकटीवरही हात छातीशी, अगदी तोच. दुसरी खूण नवीन काहीच सांगत नाही. पण ती काढली तर यंत्र दहाव्या चौकटीवरूनच पुढच्या जागेकडे निघतं, कारण त्याला थांब म्हणणारं कोणी उरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये जास्तीच्या खुणा साफ करण्याचं काम दोन ठिकाणी, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं होतं. मी ते एक केलं. करताना एका ठिकाणी दहा ओळींची एक तपासणी सापडली, आडमुठी, कशातच न बसणारी, आणि तिच्या डोक्यावर कोणीतरी लिहून ठेवलं होतं: हे काढू नका, कारण मला विचारा. खाली पत्ता. मी खरंच विचारलं. ती ई-मेल परत आली, असा कोणी इथे नाही म्हणून. सतरा वर्षांपूर्वीचं लिहिणं. तो माणूस असेल, नसेल. त्या दिवशी विनेश लवकर उठला होता, मी त्याला कडेवर घेऊन एका हाताने टाइप करत होते, आणि मी त्या दहा ओळी काढल्या. मग सगळं चालवून बघितलं. उड्या मारणारा चेंडू, चालणारा माणूस, फडकणारा झेंडा, पोहणारा मासा. सगळं गुळगुळीत. आता कळतं, मी तपासायला जे जे घेतलं ते सगळं हलणारं होतं. थांबणारं काही घेऊन बघायचं माझ्या मनातच आलं नाही. दिवसभर रांगत्या मुलामागे पळणाऱ्या बाईच्या मनात ते कसं आलं नाही, कोण जाणे. माझं काम तपासणारा माणूस दूर उत्तरेला कुठल्याशा थंड देशात असतो. पाच वर्षं आम्ही एकमेकांना लिहितो आहोत आणि मी त्याचा आवाज ऐकलेला नाही. त्याने लिहिलं होतं, सुरेख, आठशे ओळी कमी झाल्या. ते वाक्य मी निकेतला दोनदा वाचून दाखवलं होतं.

आणि बाकीचं मी सुचिताच्या प्रेमापोटी केलं. नवी आवृत्ती बाहेर जायला अजून महिना होता, पण मी तिला म्हटलं, तूच पहिली वापर. तिच्या सगळ्या फाइली एकेक उघडून नव्या रूपात आणायला तिचा आठवडा गेला असता, म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून पाठवला, एका फटक्यात सगळ्या उघडेल, साफ करेल, जागच्या जागी जतन करेल. जागच्या जागी. दोनशे चौदा शब्द. तीन वर्षं ती शाळा सुटल्यावर एकेक खूण ठेवत बसली होती. शाळेतली सगुणाताई, तिलाही ऐकू येत नाही, ती समोर उभी राहून हातांनी शब्द करायची आणि सुचिता बघून बघून चित्रातल्या बाईला तो शिकवायची. त्यांतले काही शब्द पुस्तकातले, काही सगुणाताईचे स्वतःचे. मी फोन केला तेव्हा सुचिता आधी माझ्यावर रागावली नाही, हेच वाईट होतं. ती विनेशच्या दातांचं विचारत बसली. मी सगळं सांगितलं, दहा ओळींसकट. तिच्या मागे कोणीतरी बाक सरकवत असल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, पहिले एकसष्ट शब्द एका जुन्या पेन ड्राइव्हवर आहेत, ते वाचले. बाकी एकशे त्रेपन्न नाहीत. सोमवारी शाळा उघडते, अकरा नवीन मुलं येणार आहेत, चार-पाच वर्षांची.

‘हेमा,’ ती म्हणाली, ‘त्या पोरांना घरी कोणी नाव घेऊनसुद्धा हाक मारलेली नाही. सोमवारी त्यांना पहिला शब्द दिसणार होता.’

मग तिने फोन ठेवला. विनेश उठला होता. झोळीच्या कडेवरून त्याचे डोळे तेवढे दिसत होते आणि तो न रडता माझ्याकडे बघत होता, जणू मी काय करते ते त्याला आधी बघायचं होतं.

शुक्रवार मी त्या खुणा परत आणता येतील का हे बघण्यात घालवला. पहिली खूण जागेवर होती. हात कुठे पोचायचा हे शाबूत होतं. पुसलं होतं ते फक्त हेच, की तो तिथून कधी निघायचा. वाचलेल्या एकसष्ट शब्दांवरून मी सरासरी काढली, साडेदहा चौकटी. सगळीकडे साडेदहा चौकटींचा थांबा टाकून एक शब्द सुचिताला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘सगुणाताई हसली. म्हणाली, ही पोस्टाचा शिक्का मारतेय.’ दुपारी मी विनेशला भरवत होते पण घास त्याच्या गालाला लागत होता, तेव्हा सासूबाईंनी वाटी माझ्या हातातून घेतली.

‘काय झालं गो? तोंड कशापाय उतरलंय?’

मी सांगितलं. चौकटी आणि खुणा मी गाळल्या. म्हटलं, थांबायच्या जागा मला रिकाम्या वाटल्या म्हणून मी झाडून टाकल्या. त्यांनी विनेशचं तोंड पुसलं, आणि माझ्याकडे न बघता, त्यालाच सांगितल्यासारखं, स्वतःची एक गोष्ट सांगायला लागल्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मिठागराचं काही माहीत नव्हतं, माहेर डोंगराकडचं. मार्चमधली दुपार, वाफ्यात पाणी कोंडून ठेवलेलं, आणि सगळी माणसं बांधावर बसून. नवी सून नुसती बसली तर लोक काय म्हणतील म्हणून त्या फावडं घेऊन वाफ्यात उतरल्या आणि पाणी ढवळत राहिल्या. कोणी अडवलं नाही, कारण असं कोणी करेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या वाफ्याचं मीठ पिठासारखं बारीक आणि चिखलाने काळं निघालं. त्यांची सासू दोन दिवस बोलली नाही. माझे सासरे, हिरामण, मी त्यांना फोटोतच पाहिलंय, ते मात्र हसले होते म्हणे, आणि त्यांना बांधावर शेजारी बसवून घेतलं होतं. ‘पानी उभं ऱ्हायला पायजे. आपल्याला दिसत न्हाय, पन तवाच मीठ बसत असतं.’ एवढं बोलून त्या उठल्या आणि विनेशची दुपटी, टोप्या, डब्बा असं सगळं एका पिशवीत भरायला लागल्या. मी विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, हितं बसून काय व्हनार हाय, उद्या निकेतला सांग पालीला सोडायला. कोणीतरी असं म्हणावं म्हणून मी थांबले होते, हे मला ती पिशवी बघून कळलं.

शनिवारी सकाळी निकेतने आम्हाला सोडलं. वडखळपर्यंत तो ट्रेलरवाल्यांशी फोनवर बोलत होता. वाकणफाट्याला आत वळल्यावर फोन ठेवला आणि म्हणाला, तू अशी पहिल्यांदाच घाबरलेली बघतोय मी, बाळंतपणातही नव्हतीस. मी म्हटलं, तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. पालीत देवळाकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली, पेढ्यांची दुकानं, आणि शाळा त्याच्या मागे, नदीच्या अंगाला, कौलारू, शांत. शांत म्हणजे आवाज नव्हता असं नाही. बाक ओढले जात होते, कोणीतरी पायरी धुवत होतं. सुचिता दारात उभी होती. तिने माझ्याकडून विनेशला घेतलं आणि मी तिच्यामागून आत गेले.

सगुणाताई पन्नाशीची असेल. काळी, सडपातळ, मनगटात दोन-दोन हिरव्या बांगड्या. बांगड्या वाजतात हे तिला माहीत नसणार असं माझ्या मनात आलं आणि लगेच लाज वाटली, कारण तिने त्या काढून खिडकीत ठेवल्या, आणि सुचिताने सांगितलं की शब्द करताना ती त्या काढतेच, मनगटाला लागलं की हात खोटं बोलतो असं ती म्हणते. आम्ही ‘उद्या’ या शब्दापासून सुरुवात केली. ठरलं असं, की ती शब्द करेल, मी मोजेन. तिने केला. मी मोजलं, बारा चौकटी. म्हटलं, पुन्हा. तिने पुन्हा केला, सतरा. पुन्हा, नऊ. मी सुचिताकडे बघितलं. सुचिताने हातांनी विचारलं, ताईने हातांनी उत्तर दिलं, आणि सुचिता सांगताना जरा हसली: ती म्हणते, पहिल्यांदा मी तुला शब्द सांगितला, दुसऱ्यांदा तुला कळला नाही म्हणून सांगितला, तिसऱ्यांदा तू मोजत होतीस, मग मी कोणाला सांगू? मी फोनवर चित्रण करून बघितलं. मागे-पुढे करून, एकेक चौकट निरखून. जितकं जवळून बघावं तितका तो थांबा सापडेना. जिथे हात थांबला असं वाटावं तिथे बोटांची टोकं अजून किंचित येतच असतात, आणि जिथे निघाला असं वाटावं तिथे आधीच मनगट हलकं झालेलं असतं. साडेदहा वाजले, अकरा वाजले. विनेश सुचिताच्या मांडीवर झोपून गेला. एक शब्द झाला नव्हता.

मग सगुणाताई उठली, माझ्या खुर्चीमागे आली आणि तिने माझा उजवा हात मनगटापाशी धरला. परवानगी विचारली नाही. माझा हात तिने उचलला, वर आणला, पुढे नेला, आणि तिथे धरला. नुसता धरला. तिची पकड घट्ट नव्हती, पण मला हात हलवावासा वाटेना. काय सांगू. मी पंचवीस हजार ओळी वाचल्या आहेत हात कसा हलतो याच्या, आणि माझा स्वतःचा हात हवेत थांबलेला मी कधी आतून पाहिला नव्हता. तो रिकामा नव्हता. खांद्यापासून बोटांपर्यंत काहीतरी येत होतं, भरत होतं, भांडं नळाखाली धरल्यावर हाताला वजन कळत जावं तसं. आणि मग, अगदी नेमकं, ते भरलं. त्याच क्षणी तिने सोडलं. ती माझ्या मागे होती, तिला माझा चेहरा दिसत नव्हता, माझा श्वास तिला ऐकू येणं शक्य नव्हतं, पण माझ्या हातात शब्द पुरा झाला हे तिला माझ्याइतकंच, की माझ्या आधी, कळलं होतं. माझा डावा हात कीबोर्डच्या कळीवर होता. मी खूण ठेवली. मग ते चालवलं. पडद्यावरच्या जांभळ्या कुर्त्यातल्या बाईने हात वर आणला, पुढे नेला, थांबली, आणि ‘उद्या’ म्हणाली. मला त्या भाषेतला एक शब्द येत नाही, पण ती म्हणाली हे मला दिसलं. सुचिताने झोपलेल्या विनेशला हलू न देता मान डोलावली, आणि तिचे डोळे भरून आले, आणि मग ती माझ्यावर रागावली. आत्ता कुठे रागावली. हळू आवाजात, मूल उठू नये म्हणून, तीन वर्षांचा एकेक दिवस मोजून. मी ऐकून घेतलं. सगुणाताई आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती, आणि सुचिताचं संपल्यावर तिने माझा हात परत उचलला, पुढचा शब्द.

असे दोन दिवस. माझा उजवा हात तिचा आणि डावा माझा. ‘भाऊ’, ‘शाळा’, ‘दुखतंय’, ‘आवडत नाही’. ‘दुखतंय’मध्ये ती इतका वेळ धरायची की मला कुठे तरी खरंच दुखायला लागे. ‘आवडत नाही’ला थांबा जवळजवळ नव्हताच, हात झटकून टाकायचा, तिथे मी सवयीने थांबले तर तिने माझ्या मनगटावर चापट मारली. मधे विनेशला पाजायला उठावं लागे, तेव्हा तीही उठून खिडकीशी उभी राहायची, आणि मी त्याला पाजताना त्याचा एक हात माझ्या गळ्यापाशी येऊन निवांत टेकायचा, आणि मी त्याच्याकडे अशी बघत राहायची जणू मी त्याला दहा महिन्यांत पाहिलंच नव्हतं. तो किती वेळ काहीच करत नाही. केवढा वेळ. आणि मी त्या वेळात लॅपटॉप उघडत आले आहे. रविवारी दुपारी तो झोपला तेव्हा मी त्या दहा ओळी परत जागेवर ठेवल्या आणि तसं कळवलं. थंड देशातल्या माणसाचं उत्तर तासाभरात आलं: पण ती दुसरी खूण काहीच सांगत नाही, ती का ठेवायची? तो चिडला नव्हता, तो खरंच विचारत होता. आणि सतरा वर्षांपूर्वी कोणीतरी तयार ठेवलेलं उत्तर आता मला स्वतःला द्यायचं होतं. मी तीन वेळा लिहून खोडलं. मग लिहिलं, पहिली खूण सांगते की हात इथे आला. दुसरी सांगते की हात अजून इथेच आहे. सोबत सगुणाताईचा ‘उद्या’ पाठवला, आणि काय घडलं ते पाठवलं. त्याचं उत्तर यायला वेळ लागला. ‘मी आत्ता उठून भिंतीकडे तोंड करून हात वर धरून बघितला,’ त्याने लिहिलं होतं. ‘तुझं बरोबर आहे. ही चाचणीत घाल, म्हणजे पुन्हा कोणी काढणार नाही.’ म्हणून आता ‘उद्या’ तिथे आहे. जगात कोणीही त्या कोडला हात लावला की आधी पालीची सगुणाताई एकदा ‘उद्या’ म्हणून बघते, आणि तिचा हात थांबला तरच पुढे जाता येतं.

संध्याकाळी सहाला आम्ही थांबलो. तिचा हात दुखत होता, माझा खांदा वर होत नव्हता. एकशे अठ्ठावीस झाले होते, पंचवीस राहिले. सुचिताने राहिलेल्यांची यादी केली आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ती शांत होती. म्हणाली, मुलं वर्षभर आहेत.

सोमवारी निकेत मला न्यायला दुपारी येणार होता, म्हणून सकाळी मी तिथेच होते, मागच्या बाकावर, विनेशला मांडीवर घेऊन. नवीन मुलांतली प्रणाली पहिली आली. साडेचार वर्षांची, केसांना तेल लावून दोन घट्ट शेंड्या, नवा फ्रॉक. सुधागडाच्या पायथ्याच्या गावातली. वडील खोपोलीला कारखान्यात, शेत आई बघते. आई दाराशीच बसली, चप्पल हातात धरून, आत या म्हटलं तरी नको म्हणाली. ती सुचिताला सांगत होती, माझ्याकडेही बघून, की पोरगी हट्टी नाय, पण तिला काय हवं ते कळायला वेळ लागतो. तहान लागली की पदर धरून माठापर्यंत ओढत नेते, आणि मी शेतात असले, माठ जवळ नसला, तर नुसती ओढत राहते, कुठे ओढतेय तिलाच कळत नाय. प्रणालीने बाक ढकलला, खडूचा डबा पालथा केला, विनेशचं पाऊल धरून ओढून बघितलं. मग सुचिताने टॅब तिच्यासमोर धरला. पडद्यावर ती जांभळ्या कुर्त्यातली बाई आली. हाताची वाटी झाली, ओठांशी आली, आणि थांबली.

प्रणालीही थांबली. तिच्या मुठीत खडू होता तो तसाच राहिला. बाईचा हात खाली गेला, तेव्हा तिने पडद्याला बोट लावलं; सुचिताने पुन्हा दाखवला. पुन्हा. चौथ्यांदा प्रणालीने खडू खाली ठेवला, नीट, बाकाच्या कडेला, आणि पांढरा झालेला हात उचलून स्वतःच्या ओठांशी आणला. पडद्याकडे बघितलं नाही, सुचिताकडे नाही. वळून दाराकडे बघितलं. आणि आई धडपडत उठली, पिशवीतली बाटली शोधायला लागली, तेव्हा सुचिता पटकन पुढे झाली, तिचा खांदा धरून हळूच म्हणाली, आधी तुम्ही पण करा, तिला कळू दे तुम्हाला कळलं. आईने एकदा इकडे-तिकडे बघितलं, लाजली, चप्पल खाली ठेवली. मातीत काम करून फुटलेल्या बोटांची वाटी केली आणि ओठांशी धरली. दोघींमध्ये आठ-दहा पावलांचं अंतर होतं. दोघींचे हात ओठांशी होते. विनेश माझ्या मांडीवर हलायचा थांबला होता, का ते मला माहीत नाही. प्रणालीचे डोळे आईच्या हातावर होते, मग तोंडावर, मग परत हातावर, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही येत होतं ते अजून येत होतं.

‘घेऊ का खाली?’ आईने हात न हलवता विचारलं.

सुचिताने नुसता तळहात दाखवला, थांबा. प्रणालीचं बघून व्हायचं होतं.